लायब्ररी कार्डावर घरी काय काय आणता येतं? खेळ, पुस्तकं, माहितीपट

अबोली

नमस्कार मंडळी. अमेरिकेत नवीन आलेल्या मराठी घरांत बँकेचं खातं, गाडीचं लायसन्स आणि भारतीय किराण्याचं दुकान या गोष्टी पहिल्याच महिन्यात मार्गी लागतात. पब्लिक लायब्ररीचं कार्ड मात्र राहून जातं. काढलं तरी मुलांच्या चित्रांच्या पुस्तकांपलीकडे ते फारसं वापरलं जात नाही. तिथे बोर्डगेम, व्हिडिओ गेम आणि माहितीपटही मिळतात हे ओळखीतल्या बऱ्याच जणांना ठाऊकच नसतं, म्हणून हा धागा काढला. मी ओहायोत राहते, त्यामुळे उदाहरणं इथली देतेय. बाकीच्यांनी आपापल्या गावची भर घालावी.

कार्ड फुकट असतं. फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा, म्हणजे घरभाड्याचा करार किंवा विजेचं बिल, एवढ्यावर काम होतं. ओहायोत राहणाऱ्याला राज्यातल्या बहुतेक लायब्रऱ्यांचं कार्ड मिळतं, मग ती शेजारच्या काउंटीतली का असेना. उशिराच्या दंडाची धास्तीही मनातून काढून टाका. कोलंबसच्या लायब्ररीने २०१७ पासून दंड बंद केला, शिकागोने २०१९ मध्ये आणि न्यू यॉर्क शहराने २०२१ मध्ये. वस्तू हरवली किंवा खराब झाली तर भरपाई द्यावी लागते, आणि ते रास्तच आहे.

आता खेळांबद्दल, कारण माझा जीव त्यात सगळ्यात जास्त. 'कटान', 'तिकीट टू राइड', 'पँडेमिक', 'अझूल' हे खेळ विकत घ्यायला गेलं तर एकेकाला तीस ते पन्नास डॉलर पडतात, आणि घरात तो रंगणार की नाही हे दोन-चार डाव झाल्याशिवाय कळत नाही. लायब्ररीतून आणायचा, दोन-तीन आठवडे मनसोक्त खेळायचा, सगळ्यांना आवडला तरच विकत घ्यायचा.

'अझूल'चं उदाहरण देते. डब्यात कापडी पिशवी असते आणि तिच्यात १०० फरशा, पाच रंगांच्या वीस-वीस. फरशी जाड, गुळगुळीत, बोटांत धरली की वजन जाणवतं. न बघता पिशवीत हात घालून फरशा काढायच्या, गोल तबकड्यांवर मांडायच्या, आणि एका तबकडीवरच्या एकाच रंगाच्या सगळ्या उचलून आपल्या पटावर ओळीने लावायच्या. उरलेल्या मधोमध सरकतात, आणि नको त्या फरशा गळ्यात पडल्या की गुण कापले जातात. खेळताना कुठेही इंग्रजी वाचावं लागत नाही. त्यामुळे भारतातून आलेली आजी आणि इथे जन्मलेला नातू एकाच पटावर बरोबरीने बसतात. नियम एकदा मराठीत समजावून सांगितले की पुरतं.

माहितीपटांसाठी 'कनोपी' हे ॲप बघा. लायब्ररी कार्डाचा नंबर घातला की झालं, जाहिराती नाहीत. दर महिन्याला ठरावीक तिकिटं मिळतात, त्यात बसेल तेवढं बघायचं. फ्रेडरिक वाइजमन यांचे माहितीपट कित्येक वर्षं सहजासहजी कुठे बघायला मिळत नसत. ते २०१८ पासून तिथे आले. त्यांनी न्यू यॉर्क पब्लिक लायब्ररीवरच २०१७ मध्ये केलेला माहितीपट तीन तासांहून मोठा आहे. त्यात निवेदक नाही, मुलाखती नाहीत. निधीवरून चाललेल्या बैठका, नोकरी शोधायला आलेली माणसं, अंधांसाठी चालणारं काम, सगळं नुसतं समोर घडत राहतं. लायब्ररी म्हणजे काय हे कुणाला समजावून सांगायचं झालं तर मी आधी तो बघायला सांगते.

तुम्ही काय काय आणता? मराठी पुस्तकांचं काय करता?

रानवाटा

उत्तम धागा! मी न्यू जर्सीत. आमच्याकडे मुलाने गेल्या उन्हाळ्यात सगळे व्हिडिओ गेम लायब्ररीतूनच आणले, एकही विकत घेतला नाही.

एक प्रश्न आहे. लिबी या लायब्ररीच्या ई-पुस्तकांच्या ॲपवर नव्या ई-पुस्तकाला कधीकधी तीन-चार महिन्यांची रांग असते. हूप्ला या दुसऱ्या ॲपवर मात्र रांगच नाही, मिळेल ते लगेच मिळतं. दोन्ही लायब्ररीचीच, मग असं का? आणि मुळात ई-पुस्तकाला रांग हवीच कशाला? फाइलची प्रत काढायला काय लागतं?

काउंटरपलीकडे

रानवाटा, मी एका पब्लिक लायब्ररीत देवघेव विभागात काम करतो, त्यामुळे याचं उत्तर जरा सविस्तर देतो.

छापील पुस्तक लायब्ररी विकत घेते तेव्हा ती प्रत तिच्या मालकीची होते. विकलेल्या प्रतीवर प्रकाशकाचा ताबा राहत नाही हे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०८ साली ठरवलं आणि पुढच्याच वर्षी ते कायद्यात आलं. त्या एका तत्त्वावर इथली सगळी देवघेव उभी आहे. प्रत शंभर जणांना द्या, पानं सुटेपर्यंत द्या, कुणाला विचारावं लागत नाही.

ई-पुस्तक लायब्ररी विकत घेतच नाही, तिला फक्त परवाना मिळतो. लिबीवर बहुतेक परवान्यांना 'एका वेळी एकच वाचक' अशी अट असते, म्हणून रांग. शिवाय परवाना संपतो. हार्परकॉलिन्सने २०११ मध्ये एका प्रतीला २६ वाचनांची मर्यादा घातली. आणखी काही बड्या प्रकाशकांचे परवाने दोन वर्षांनी संपतात, आणि तेच पुस्तक पुन्हा घ्यावं लागतं. मॅकमिलनने नोव्हेंबर २०१९ मध्ये तर असा नियम केला की नवं पुस्तक आल्यावर पहिले आठ आठवडे अख्ख्या लायब्ररीला एकच ई-प्रत मिळेल, मग ती लायब्ररी केवढ्याही शहराची असो. देशभर विरोध झाला, बऱ्याच लायब्रऱ्यांनी खरेदी थांबवली, आणि मार्च २०२० मध्ये तो नियम मागे घेतला गेला.

हूप्ला आणि कनोपीवर हिशोब वेगळा. तिथे तुम्ही बटण दाबलंत की त्या वेळेपुरते पैसे लायब्ररी भरते. म्हणून रांग नाही, पण महिन्याची मर्यादा आहे. वापर वाढला की बिल वाढतं. न्यू यॉर्क शहरातल्या तिन्ही लायब्ररी संस्थांनी २०१९ मध्ये कनोपी बंद केलं ते खर्च झेपेना म्हणूनच.

तेव्हा माझी सगळ्यांना एक मनापासून विनंती. हवी ती वस्तू शेल्फवर असेल तर शेल्फवरची न्या. तिचे पैसे देऊन झालेले आहेत, आणि ती जितकी फिरेल तितकी पुढच्या खरेदीला बळकटी येते, कारण आम्ही वर्षाअखेरीस कुठली वस्तू किती वेळा बाहेर गेली ते बघूनच पुढची यादी करतो. माहितीपटांच्या डीव्हीडी तर हल्ली हातही न लागता पडून असतात, आणि त्यातल्या कितीतरी कुठल्याच ॲपवर नाहीत. शेल्फवर नसेल तेव्हा ॲप जरूर वापरा, ते तुमच्यासाठीच आहे.

रानवाटा

हे खरंच माहीत नव्हतं. व्हिडिओ गेमचंही असंच का? काही गेम लायब्ररीत कधी येतच नाहीत.

काउंटरपलीकडे

अगदी असंच. १९९० च्या कायदा दुरुस्तीने सॉफ्टवेअर भाड्याने द्यायला बंदी आली, पण कन्सोलच्या, म्हणजे खास गेम खेळायच्या यंत्राच्या, गेमला आणि ना-नफा ग्रंथालयांना त्यातून सूट राहिली. म्हणून डिस्क किंवा कार्ट्रिज असेल तर आम्ही बिनदिक्कत देतो. जो गेम फक्त ऑनलाइन डाउनलोड होतो तो खरेदी करणाऱ्याच्या खात्याला कायमचा बांधला जातो, तो आम्ही देणार कसा? डब्यात नुसता कोड असेल तर पहिल्या मुलाने तो वापरला की डबा रिकामा.

२०२५ मध्ये निन्टेन्डो स्विच २ हा कन्सोल आला, त्याच्या काही गेमच्या कार्डात गेम नसतोच, फक्त किल्ली असते. कार्ड खोचायचं आणि गेम इंटरनेटवरून उतरवायचा. असं कार्ड आम्ही देऊ शकतो, पण ज्या घरात चांगलं इंटरनेट नाही त्या मुलाला त्याचा काय उपयोग? आमच्याकडून गेम नेणाऱ्यांत अशा घरांतली मुलं बरीच असतात. मला याचं फार वाईट वाटतं.

घरी कन्सोल घ्यायचा विचार असेल तर डिस्क घालायची सोय असलेलाच घ्या. डिस्क-ड्राइव्ह नसलेला थोडा स्वस्त पडतो, पण त्यावर लायब्ररीतल्या डिस्क चालत नाहीत.

देवगिरी

मला थोडं वेगळं वाटतं. आमच्याकडे तीन-चार स्ट्रीमिंग ॲप आहेत, किंडल आहे, मुलांचे गेम ऑनलाइन आहेत. गाडी काढून लायब्ररीत जा, परत करायची तारीख सांभाळा, कशाला? माहितीपट तर यूट्यूबवरही ढिगाने आहेत. भारत सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनचे कितीतरी जुने माहितीपट तिथे फुकट बघायला मिळतात.

अबोली

देवगिरी, फिल्म्स डिव्हिजनचं म्हणणं बरोबर आहे. १९४८ पासूनचा तो ठेवा आहे आणि तो घरबसल्या बघता येतो हे चांगलंच झालं. पण सबस्क्रिप्शनमधली गोष्ट आज दिसते आणि उद्या करार संपला की नाहीशी होते. वर काउंटरपलीकडे यांनी परवान्याचं सांगितलं तेच तुमच्या-माझ्या घरातही लागू आहे.

आणि मराठी पुस्तकांचं बोलायचं तर तिथे स्ट्रीमिंग ॲप काहीच कामाचं नाही. मी जे करते ते सांगते. वर्ल्डकॅट म्हणून जगभरच्या लायब्रऱ्यांची एकत्र सूची आहे, ती चालवणारी ओसीएलसी ही संस्था इथे ओहायोतल्या डब्लिन गावची. त्यात मराठी पुस्तकाचं नाव रोमन लिपीत शोधायचं, कारण नोंदी बहुधा तशाच असतात. पुस्तक शिकागो विद्यापीठात किंवा तशाच एखाद्या मोठ्या विद्यापीठात सापडतं. मग आपल्या लायब्ररीत आंतरग्रंथालयीन मागणी नोंदवायची. पाठवायचं की नाही हे त्या विद्यापीठावर असतं, पण बहुतेकदा दोन-तीन आठवड्यांत पुस्तक आपल्या ब्रँचवर येऊन पडतं.

ही पुस्तकं इथे आली कशी तेही सांगण्यासारखं आहे. भारताला धान्य दिलं त्याच्या रुपयांत झालेल्या परतफेडीतून अमेरिकेने १९६२ पासून भारतीय भाषांतली पुस्तकं घ्यायला सुरुवात केली, पीएल-४८० नावाच्या कायद्याखाली. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं दिल्ली कार्यालय ती गोळा करून इथल्या विद्यापीठांना पाठवत असे. पुढे रुपयांचा तो निधी संपला, पण विद्यापीठांनी स्वतःचे पैसे घालून खरेदी चालू ठेवली. त्यामुळे साठ-सत्तरच्या दशकातली, आता पुण्यातही सहज न मिळणारी मराठी पुस्तकं शिकागोत सुस्थितीत आहेत. ती मागवली नाहीत तर ती तिथे नुसती पडून राहतील.

देवगिरी

हे मात्र पटलं. माझ्या वडिलांना जुनी प्रवासवर्णनं हवी असतात. बघतो मागवून.

कोलशेत

ठाण्याहून लिहितेय. वाचून आनंदही झाला आणि हळहळही वाटली. ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं, मुंबईचं १८९८ चं, पुणे नगर वाचन मंदिर तर १८४८ चं. लोकांनी वर्गणी काढून उभ्या केलेल्या या संस्था आहेत. पण आपल्याकडे अनामत रक्कम आणि मासिक वर्गणी भरायची, त्यावर एक पुस्तक आणि एक मासिक मिळतं, बहुतेक ठिकाणी तेवढंच. खेळ घरी नेता येतात असं वाचनालय माझ्या तरी पाहण्यात नाही.

याचं मूळ पैशात आहे. १९६७ च्या आपल्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्यात ग्रंथालयांसाठी वेगळा कर नाही. अ, ब, क, ड असा दर्जा ठरतो आणि त्यानुसार सरकारी अनुदान येतं, उरलेलं वर्गणी आणि देणग्यांवर. ओहायोत कसं आहे?

अबोली

इथे दोन वाटांनी पैसा येतो. राज्याच्या महसुलातून लायब्रऱ्यांसाठी वेगळा निधी निघतो, आणि बऱ्याच गावांत लोक मतदान करून मालमत्ता करात लायब्ररीचा वाटा मंजूर करतात. निवडणुकीच्या मतपत्रिकेवर तो प्रश्न असतो. राज्याचा वाटा पूर्वी महसुलाच्या ठरावीक टक्क्याने मिळायचा, २०२५ च्या अंदाजपत्रकात ती पद्धत बदलून नेमलेली रक्कम केली गेली. महसूल वाढला तरी वाटा आपोआप वाढणार नाही, त्यामुळे इथलेही लोक काळजीत आहेत. ज्यांना इथे मताचा हक्क आहे त्यांनी तो प्रश्न मतपत्रिकेवर कोरा सोडू नये.

मुळामुठा

पुण्यातल्या एका वाचनालयाच्या कार्यकारिणीवर मी काही वर्षं आहे. खेळांचा विषय आमच्या बैठकीत निघाला होता आणि बारगळला. मुद्दा एकच आला, सोंगट्या हरवणार. पुस्तक परत आलं की उलटून बघता येतं. दोनशे तुकड्यांचा खेळ परत आल्यावर मोजणार कोण? आमच्याकडे संध्याकाळी काउंटरला एकच बाई असतात, त्यांचा पगार काढतानाच ओढाताण होते. त्यांच्यावर हे काम टाकणं मला योग्य वाटलं नाही.

काउंटरपलीकडे

मुळामुठा, तुमची काळजी रास्त आहे, आमच्याकडेही पहिला प्रश्न हाच होता. कसं करतो ते सांगतो.

डबा शेल्फवर जाण्याआधी झाकणाच्या आतल्या बाजूला यादी चिकटवतो. 'अझूल' असेल तर 'फरशा १००, पट ४, तबकड्या ९' अशी, शेजारी प्रत्येक वस्तूचा फोटो. सुटे तुकडे रंगाप्रमाणे झिपच्या पिशव्यांत, प्रत्येक पिशवीवर आकडा. पिशव्या असल्या की नेणारी माणसं स्वतःच मोजून भरतात. मग भरलेला डबा स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवायचं. परत आला की पुन्हा काट्यावर. आकडा जुळला तर डबा सरळ शेल्फवर, नाही जुळला तरच उघडून मोजायचा. पत्ता एखादा कमी असेल तर वजनात कळत नाही, पण सोंगट्या, फरशा कळतात.

आणि एखादा तुकडा गेला म्हणून खेळ मोडीत निघत नाही. 'तिकीट टू राइड'मध्ये एका खेळाडूला ४५ गाड्या लागतात, डब्यात ४८ येतात, तीन जादा. बरेच प्रकाशक सुटे भाग पाठवतात. पंधरा-वीस छोट्या तुकड्यांच्या खेळांपासून सुरुवात करा, दोनशे तुकड्यांचा पहिल्या वर्षी घेऊच नका.

कोलशेत

मला एक सुचतंय. आपल्या वाचनालयांत दिवाळी अंकांची योजना असतेच. एकरकमी वर्गणी भरायची आणि दोन-तीन महिने अंक बदलून बदलून न्यायचे. नेहमीचे सभासद नसलेलेही त्या योजनेसाठी येतात. त्याच धर्तीवर उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळांची योजना काढली तर? एप्रिल-मे दोनच महिने, वेगळी वर्गणी, वेगळी अनामत. मे अखेर सगळे डबे परत, मग जूनमध्ये निवांत मोजणी. काउंटरवरच्या बाईंना वर्षभर त्रास नाही. आणि मोजायला सुट्टीतली कॉलेजची मुलं मदतीला मिळतील.

मुळामुठा

कोलशेत, ही कल्पना फार आवडली. अनामत वेगळी घेतली की हरवण्याचा प्रश्नही बराच सुटतो. पहिल्या वर्षी दहा खेळ, त्यातले निम्मे सभासदांनी घरचे दिलेले. पुढच्या बैठकीत मांडतो.

मांडवीकाठ

पणजीहून. अबोली, 'अझूल'चं वाचून राहवलं नाही. तो खेळ पोर्तुगालच्या राजवाड्याच्या भिंतीवर रंगीत फरशा बसवण्याचा आहे, आणि तशा निळ्या-पांढऱ्या फरशांची चित्रं आमच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या प्रवेशद्वारापाशी भिंतभर आहेत. आमचं राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आधी त्याच इमारतीत होतं! १८३२ मध्ये स्थापन झालेलं हे ग्रंथालय आता कृष्णदास शामा यांच्या नावाने पाटो भागातल्या मोठ्या इमारतीत आहे. मुलांचा वेगळा विभाग आहे, ब्रेलचा आहे, जुनी पोर्तुगीज वर्तमानपत्रं जतन केलेली आहेत. पणजीला आलात तर दोन्ही ठिकाणं बघा, चालत जाण्याएवढ्या अंतरावर आहेत.

देवगिरी

अबोली, मे महिन्यात आई-बाबा सहा महिन्यांसाठी येतायत. त्यांच्या नावाने कार्ड काढता येईल का? आणि सात वर्षांची मुलगी, आई-बाबा आणि आम्ही दोघं, असे पाच जण एकत्र खेळू शकू असा खेळ सुचवा. 'अझूल' चौघांचाच दिसतोय.

अबोली

पत्त्याचा पुरावा त्यांच्या नावाचा नसल्यामुळे कार्ड अडू शकतं. काही लायब्रऱ्या पाहुण्यांना तात्पुरतं कार्ड देतात, ब्रँचवर विचारा. नाही मिळालं तर तुमच्या कार्डावर घ्या, वस्तूंची मर्यादा इतकी मोठी असते की अडचण येणार नाही.

पाच जणांसाठी 'कार्कासोन' आणा. ७२ चौकोनी तुकडे, एकेक उचलायचा आणि जुळेल तिथे लावायचा, रस्ते, गावं, मठ वाढत जातात. वाचायचं काही नाही. सात वर्षांच्या मुलीला जमेल. फक्त शेतकऱ्यांचा नियम पहिल्या दोन-तीन डावांत वगळा, तो मोठ्यांनाही जड जातो. सुट्टी लागली की खेळांना मागणी वाढते, तेव्हा एप्रिलअखेरीस होल्ड लावून, म्हणजे आपल्या नावाने राखून, ठेवा.